बाकाचा चौथा पाय

मी फक्त एक पाय मागितला होता. तोही स्वतःसाठी नव्हे, आमच्या इमारतीसमोरच्या बाकासाठी. आता वाटतं, त्यापेक्षा नगरपालिकेकडे अख्खा पूल मागितला असता तर तो लवकर मिळाला असता, आणि घरात मला तोंड वर करून बोलायची सोय राहिली असती.

मुळात मी काळजी करणारा माणूस आहे. घराला कुलूप लावलं की मी ते ओढून बघतो, अर्धा जिना उतरतो, परत वर येतो आणि पुन्हा ओढतो. बायको म्हणते, एक दिवस कंटाळून ते कुलूप स्वतःच निखळून पडेल. पण बाकाच्या बाबतीत माझी काळजी अगदी रास्त होती, कारण त्या बाकावर माझे वडील बसत.

आई गेली ती अचानक. दुपारी दोघं गॅलरीत बसली होती. बाबा पेपर वाचत होते, आई शेजारी वाटाणे सोलत होती. बाबांनी पान उलटून कुठलीशी बातमी वाचून दाखवली आणि आईचा हुंकार आला नाही. तेव्हापासून बाबांनी घरात बोलणं टाकलं. ‘हो’, ‘नको’ आणि ‘ठेव तिथे’ एवढ्या भांडवलावर आमचा संवाद चाले. डॉक्टर झाले, औषधं झाली, आमच्या बहिणीने फोनवरून रडून पाहिलं. उपयोग शून्य.

आणि एके दिवशी बायको गॅलरीतून कपडे काढता काढता मला हाका मारायला लागली. “अहो, इकडे या! बाबा हसतायत!”

खाली फुटपाथवर, औषधांच्या दुकानासमोर तो बाक होता. लोखंडी सांगाडा, वर लाकडी फळ्या. त्यावर बाबांबरोबर आणखी दोन म्हातारे बसले होते. एक गणिताचे निवृत्त मास्तर, देहाने भारदस्त. दुसरे एका जुन्या दवाखान्यातले कंपाउंडर, ज्यांना अजूनही सगळं जग थोडं आजारी दिसतं. तिघं जोरजोरात भांडत होते. कशावरून ते कळलं नाही, पण बाबांचा आवाज त्यांत सगळ्यात वरचा होता. मी आणि बायको गॅलरीच्या कठड्याला टेकून तो आवाज ऐकत राहिलो. तिच्या हातातले कपडे तसेच राहिले.

आता त्या बाकाची गंमत सांगतो. एका टेम्पोवाल्याने मागे घेता घेता त्याचा डावीकडचा पुढचा पाय अर्ध्यात तोडला होता. म्हणजे बाक साडेतीन पायांवर उभा. मास्तर भक्कम टोकाला बसले की तो दबून नीट राही, मध्ये कंपाउंडर, आणि तुटक्या टोकाला बाबा, कारण तिघांत वजनाने हलके तेच. मात्र मास्तर एकदम उठले तर बाक बाबांकडे कलंडे. म्हणून तिघांनी नियम केला होता: सांगितल्याशिवाय कोणी उठायचं नाही. उठणाऱ्याने आधी म्हणायचं, “उठतोय.” मग बाकीच्या दोघांनी पाय रोवायचे, हातांनी फळी दाबून धरायची आणि म्हणायचं, “उठा.” यात अडचण अशी, की ‘उठतोय’ म्हटल्यावर दुसरा हमखास म्हणे, “थांबा हो, एवढं ऐकून जा,” आणि आणखी तासभर कोणी उठत नसे.

एकदा मास्तरांची सूनबाई रस्त्यापलीकडून ओरडली, “दूध उतू गेलं!” दूध मास्तरांनीच गॅसवर ठेवलं होतं. ते न सांगता उठले आणि आमचे बाबा फुटपाथवर आले. कोपर सोलवटलं, दुसरं काही नाही. पण त्या वयात माणूस पडतो तेव्हा काय काय मोडू शकतं, याची यादी मला पाठ आहे. त्या आठवड्यात मी प्रत्येक जेवणाला ती मनातल्या मनात म्हटली. शेवटी ठरवलं, पाय बसवून घ्यायचा.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक गृहस्थ राहतात. त्यांना आम्ही ‘मी-सांगतो-ना’ म्हणतो, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य तिथून सुरू होतं. ते म्हणाले, “मी सांगतो ना, दोन विटा लावा खाली. काम खल्लास.” हा त्यांनी आयुष्यात दिलेला एकमेव बरोबर सल्ला असावा. पण मी स्वतः नगरपालिकेत नोकरीला. घरचाच माणूस कार्यालयात असताना सार्वजनिक बाकाला विटा लावणं मला कमीपणाचं वाटलं. मी रीतसर अर्ज केला.

उद्यान विभाग म्हणाला, बाक बागेत नाही, फुटपाथवर आहे, रस्ते विभागाकडे जा. रस्ते विभाग म्हणाला, फुटपाथ आमचा, पण त्यावर बसणारी माणसं आमची नाहीत, समाजकल्याणकडे जा. समाजकल्याणवाले फार सज्जन. त्यांनी मला चहा दिला आणि म्हणाले, माणसांना काही झालं तर आम्ही आहोतच, पण पाय बाकाचा मोडलाय ना? अशी तीन टेबलं फिरून तो कागद नव्या साहेबांकडे गेला, आणि तिथे घात झाला.

साहेब नुकतेच एका प्रशिक्षणाहून परतले होते. प्रशिक्षणाहून परतलेला साहेब आणि नुकतीच सायकल शिकलेलं मूल, दोघांनाही रस्ता कुठलाही चालतो. सामाजिक प्रश्न कुठल्याही एका खात्याचा नसतो, त्याला सगळ्या विद्याशाखांनी मिळून हात घालायचा असतो, असं ते शिकून आले होते, आणि हात घालायला त्यांना प्रश्न हवा होता. पाणी, कचरा, वाहतूक हे प्रश्न मोठे, त्यात हात घातला की तो पुन्हा बाहेर निघायची खात्री नाही. माझा बाक आटोपशीर होता.

“तुम्ही पाय बघताय,” साहेब मला म्हणाले. “मी समाज बघतोय. हे म्हातारे तिथे का बसतात?”

“साहेब, बाक आहे म्हणून.”

“तिथेच तुम्ही चुकता! एका खात्याने सोडवलेला प्रश्न सुटलेला नसतो, दडपलेला असतो.”

आठवड्याच्या आत आदेश निघाला. ज्येष्ठ नागरिकांच्या एकाकीपणाबाबत आंतरविद्याशाखीय संयुक्त समिती स्थापन झाली. एक समाजशास्त्राच्या बाई, एक अर्थतज्ज्ञ, एक मानसतज्ज्ञ आणि आमच्याच कार्यालयातला एक इंजिनियर. सदस्य-सचिव म्हणून मी. आदेशाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘संदर्भ: पाय’.

दुसऱ्या दिवशी ट्रक आला आणि बाक घेऊन गेला, अभ्यासासाठी.

मी ऑफिसातून घरी आलो तेव्हा बाबा पलंगाच्या कडेवर भिंतीकडे तोंड करून बसले होते. मी चपला काढल्या. मग ते म्हणाले, “तुझ्या ऑफिसने नेला ना?”

कित्येक महिन्यांत त्यांनी घरात उच्चारलेलं ते पहिलं पूर्ण वाक्य. मी म्हटलं, “बाबा, दुरुस्त करून आणणार आहेत.” त्यावर ते ‘हो’ही म्हणाले नाहीत आणि ‘नको’ही म्हणाले नाहीत. भांडवल आणखी घटलं होतं.

पहिले काही दिवस म्हाताऱ्यांनी उभ्याने बोलून पाहिलं. पण मास्तरांचे गुडघे दुखत आणि कंपाउंडरांना ते दुखताना बघवत नसे. कोणाच्या घरी जमावं तर मास्तरांच्या घरी नातवाच्या परीक्षेचा अभ्यास चाललेला आणि कंपाउंडर भाड्याच्या एका खोलीत. आमच्याकडे या म्हणून मी स्वतः जाऊन आमंत्रण देऊन आलो. दोघं आले, सोफ्यावर हात मांडीवर ठेवून पाहुण्यासारखे बसले, बायकोने केलेला चहा प्यायले, ‘छान आहे घर’ म्हणाले आणि गेले. पुन्हा आले नाहीत. बाबा जेवणात भात तेवढा चिवडायला लागले. बायको ताटाकडे बघायची आणि मग माझ्याकडे. ते दुसरं बघणं जास्त अवघड होतं.

इकडे समितीच्या बैठका सुरू झाल्या. मला वाटलं होतं, चार शहाणी माणसं एका टेबलाशी बसतील आणि पाय बसवा असं सांगून जातील. पण चारही माणसं आपापल्या शास्त्रातून उठून आलेली होती आणि ते शास्त्र सोबत घेऊन आली होती. अर्थतज्ज्ञ म्हणाले, “बसण्याला किंमत नाही, म्हणून उठण्याची घाई नाही.” समाजशास्त्राच्या बाई म्हणाल्या, “त्या बाकावर एकही बाई का नाही, हा खरा प्रश्न आहे.” त्या तडक आमच्या घरी येऊन बायकोला विचारून गेल्या. बायको म्हणाली, “आम्हाला बसायला वेळ कुठाय?” बाईंनी त्यावर सात पानं लिहिली. मानसतज्ज्ञ बारीक अंगाचे, हळू बोलणारे गृहस्थ. त्यांनी मला विचारलं, “तुमचे वडील मुद्दाम तुटक्या टोकालाच का बसतात? असुरक्षित जागेची ओढ आहे का?”

मी म्हटलं, “नाही हो. ते वजनाने हलके आहेत.”

त्यांनी मान डोलावली आणि लिहून घेतलं, ‘मुलगा मान्य करत नाही’.

बिचारा इंजिनियर दर बैठकीत म्हणे, “मला अर्धा तास द्या, मी वेल्डिंग करून देतो.” मग सगळे त्याच्याकडे दया आल्यासारखं बघत, आणि साहेब सांगत, की तांत्रिक उपाय सगळ्यात शेवटी. कोणाचं बोलणं कोणाला समजत नव्हतं. प्रत्येकाला इतिवृत्त आपल्या भाषेत हवं होतं, आणि नियम असा की चौघांची एकाच कागदावर सही झाल्याखेरीज काही हलणार नाही. मी चार प्रकारे लिहून पाहिलं. पाचव्यांदा लिहिताना माझं मलाच कळेना.

घरी ‘मी-सांगतो-ना’ टपून होतेच. “मी सांगतो ना, तुम्ही खुर्च्या टाका. बाकाच्या जागेवर चार खुर्च्या. म्हातारे काय, कशावरही बसतात.”

बाबांचं ताट आठवलं आणि मी लगेच तयार झालो. जेवणाच्या टेबलाच्या चारही खुर्च्या मी खाली नेऊन मांडल्या, एक जास्तीची ‘मी-सांगतो-नां’साठी. संध्याकाळी तिघं म्हातारे येऊन बसलेही. मी गॅलरीत कान लावून उभा राहिलो. मास्तरांनी घसा खाकरला, बाबांनी मान वर केली, आणि कोपऱ्यावरून अतिक्रमण विभागाचा ट्रक आला.

तोच ट्रक, तोच ड्रायव्हर. मी धापा टाकत खाली पोचलो तेव्हा म्हातारे उभे होते आणि खुर्च्या वर चढत होत्या. ड्रायव्हर मला ओळखून म्हणाला, “साहेब, परत तुम्हीच? तुमच्या घरातलं अजून काही न्यायचं असेल तर आत्ताच सांगा, फेरी वाचेल.”

खुर्च्या सोडवायला गेलो तर अतिक्रमण विभागाने सांगितलं, प्रकरण ज्येष्ठ नागरिकांच्या बसण्याचं दिसतं, त्यासाठी संयुक्त समिती आहे, तिच्या सदस्य-सचिवांचा अभिप्राय आणा. म्हणजे माझा. मी मलाच पत्र लिहिलं. ते मलाच मिळालं. त्यावर उत्तर देण्याचा मला अधिकार नव्हता, कारण चौघांच्या सह्या लागत. त्यानंतर आम्ही पलंगावर ताटं घेऊन जेवायला लागलो. बायको म्हणाली, “अहो, आता पलंगाबद्दल ऑफिसात कुठे बोलू नका.”

याच सुमारास समितीत एक चमत्कार झाला. तो सांगतो, पण आनंदाने नाही.

आणलेला बाक ठेवायला भांडारात जागा नव्हती, म्हणून तो बैठकीच्या खोलीबाहेर व्हरांड्यात टाकला होता. एकदा आत पंखा बंद पडला म्हणून सगळे चहाला बाहेर आले आणि बाकावर बसले. मानसतज्ज्ञ हलके, ते तुटक्या टोकाला. अर्थतज्ज्ञ भरगच्च, ते भक्कम टोकाला. मध्ये बाई आणि इंजिनियर. काहीतरी मुद्दा पटवून द्यायला अर्थतज्ज्ञ तावातावाने उभे राहिले आणि मानसतज्ज्ञ कपबशीसकट जमिनीवर. धावाधाव झाली, पुसापुशी झाली, सगळे हसले. तेव्हापासून ती मंडळीही उठण्यापूर्वी एकमेकांना सांगायला लागली. “उठतोय हं.” “उठा, धरलाय.” आणि कोणीतरी म्हणे, “एक मिनिट, हे ऐकून जा.”

टेबलाशी ज्यांचं एक वाक्य एकमेकांना कळत नव्हतं ती माणसं बाकावर तासन् तास बोलायला लागली. इंजिनियरच्या आईने अंथरूण धरलं होतं हे तिथे कळलं. अर्थतज्ज्ञ घरी एकटेच राहतात आणि टीव्हीला उत्तरं देतात हेही कळलं. बाईंनी त्यांच्या म्हणण्यातलं पहिल्यांदाच काही नीट ऐकून घेतलं. बैठकाच व्हरांड्यात भरायला लागल्या. साहेब दारातून हे बघत आणि सद्गदित होत. “पाहिलंत? शाखा मिसळतायत!” ते मला म्हणाले आणि त्यांनी समितीची मुदत वाढवली.

माझा जीव मात्र टांगणीला. समिती जितकी रंगे तितका बाक बाबांपासून दूर जाई. पूर्वी चौघांचं एकमत होत नव्हतं म्हणून बाक अडला होता, आता झालं होतं म्हणून अडला. ‘बाकाचा सखोल अभ्यास व्हायला हवा’ यावर चौघांनी एका दमात सह्या केल्या. मी रोज संध्याकाळी घराची घंटा वाजवण्यापूर्वी क्षणभर थांबायचो. आत कुठला आवाज येतो का ते ऐकायचो. भांड्यांचा यायचा, नळाचा यायचा.

आणि एका दुपारी ऑफिसात बायकोचा फोन आला. “बाबा घरात नाहीत. न सांगता गेलेत. चष्मा इथेच आहे.”

कोणाला काही न सांगता मी तसाच निघालो. रिक्षातून उतरून आधी बाकाच्या जागेवर गेलो. फुटपाथवर गंजाचे चार डाग होते, त्यांतला एक फिकट. औषधवाल्याने पाहिलं नव्हतं. मास्तरांकडे गेलो, मास्तर घरी नाहीत. कंपाउंडरांच्या खोलीला कुलूप. ‘मी-सांगतो-ना’ सगळ्या जिन्याला ऐकू जाईल असं म्हणाले, “मी सांगतो ना, पोलिसांत जा.” मी सगळ्या गल्ल्या पालथ्या घातल्या. रस्ता ओलांडताना दिसेल त्या पांढऱ्या डोक्यामागे धावलो. पडलेल्या माणसाचं काय काय मोडतं ती यादी डोक्यात आपोआप म्हटली जात होती. शेवटी बाबांचा एक फोटो माझ्या ऑफिसच्या खणात आहे हे आठवलं, पोलिसांना द्यायला तो आणावा म्हणून कार्यालयात परत आलो, तर व्हरांड्यात आरडाओरडा ऐकू आला. त्यातला सगळ्यात वरचा आवाज मला ओळखीचा होता.

तिघं म्हातारे नगरपालिकेत तक्रार करायला आले होते. बाक आणि खुर्च्या दोन्हींबद्दल. शिपायाने त्यांना साहेब येईपर्यंत ‘बसा’ म्हटलं. ते बसले, आपल्याच बाकावर. मग चहाच्या वेळेला समिती आली.

“ही माझी जागा आहे,” बाबा तुटक्या टोकावरून सांगत होते.

“आजोबा, गेले दोन महिने तिथे मी बसतो,” मानसतज्ज्ञ त्यांच्यासमोर कप घेऊन उभे होते.

“तुम्ही दोन महिने बसता, मी पडलोयसुद्धा इथून!”

“मीही पडलोय!”

यावर बाबा थबकले. त्यांनी मानसतज्ज्ञांकडे नीट पाहिलं आणि विचारलं, “कोपरावर की पाठीवर?”

मी तिथल्या तिथे खांबाला धरून खाली बसलो. रडू आलं ते मी घाम पुसण्याच्या निमित्ताने पुसलं. बाबांनी मला पाहिलं आणि म्हणाले, “तू का असा घामाघूम? कुठे गेला होतास?”

साहेब बाहेर आले. समोर नागरिक, तज्ज्ञ आणि बाक एकत्र बघून त्यांना काय वाटलं असेल ते वाटो, पण मी त्यांना पहिल्यांदाच वर मान करून म्हणालो, “साहेब, पाय बसवा आणि बाक परत द्या. माझे वडील जेवत नाहीत.” ‘विनंती’, ‘महोदय’, ‘कृपया’ यांतलं काही मी वापरलं नाही. नोकरीत असं वाक्य मी आधी कधी बोललो नव्हतो. अर्थतज्ज्ञ खाली बघायला लागले. बाई म्हणाल्या, “द्या हो.” इंजिनियर तर वेल्डिंगवाल्याला बोलवायला निघालाच होता.

बाक परत आला. नवा पाय, नवा रंग, आणि इंजिनियरने हौसेने चारही पाय काँक्रीटमध्ये बसवून दिले. त्यावर हत्ती नाचला असता तरी हलला नसता. खुर्च्याही घरी आल्या. त्यातली एक आमची नव्हती, पण ती बदलून घ्यायला गेलो नाही. संध्याकाळी मी आणि बायको गॅलरीत उभे राहिलो. तिघं येऊन बसले. बाबांनी काहीतरी सांगायला सुरुवात केली. मी दीर्घ श्वास घेतला, आणि तो अजून आतच होता तेवढ्यात मास्तर उठले.

उठले आणि चालायला लागले. बाक तसूभरही हलला नाही. बाबांचं वाक्य अर्धवट राहिलं. थोड्या वेळाने कंपाउंडर घड्याळ बघून उठले आणि गेले. बाबा हात तसाच हवेत धरून बसले होते. मग तो त्यांनी खाली घेतला आणि घरी आले. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. भांडण नाही, रुसवा नाही. कोणाला दूध असे, कोणाला औषध असे, ज्याला उठायचं तो उठे. कोणाला सांगावं लागत नव्हतं, त्यामुळे कोणी थांबवतही नव्हतं.

“पाय बसला,” बायको गॅलरीतून म्हणाली. तिने टोमणा मारला नव्हता, आणि म्हणूनच तो मला जास्त लागला. त्या पायासाठी मी काय काय केलं होतं! मी आत जाऊन उगाचच कपाटाचं कुलूप ओढून बघितलं.

पुढच्या संध्याकाळी बाक लवकर रिकामा झाला आणि बाबा एकटे राहिले, तेव्हा मी खाली गेलो. त्यांच्या शेजारी बसलो. मी रंगाबद्दल बोललो. ते ‘हो’ म्हणाले. हवेबद्दल बोललो. त्यालाही ‘हो’. औषधवाल्याने दुकानाचा दिवा लावला. वरून बायकोने हाक मारली, “अहो, येताय ना?” दोन महिने व्हरांड्यात बसून मलाही सवय लागली होती. मी उठता उठता नकळत बोलून गेलो, “बाबा, उठतोय.”

बाबांनी झटकन दोन्ही पाय जमिनीवर रोवले. दोन्ही तळव्यांनी फळी दाबून धरली. काँक्रीटमध्ये गाडलेला तो बाक ते सगळ्या ताकदीनिशी धरून बसले, आणि म्हणाले, “थांब जरा. घाई काय आहे?”

मी परत टेकलो.

त्यांनी हात फळीवरून काढले नाहीत. रस्त्याकडे बघतच म्हणाले, “तुझी आई न सांगता उठली.”

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. असं आम्ही बापलेक कधी करत नाही.

“मी बातमी वाचत होतो,” बाबा म्हणाले. “सांगितलं असतं तर धरलं असतं. निदान म्हटलं तरी असतं, थांब, एवढं ऐकून जा.” मग त्यांनी ती बातमी मला सांगितली. कुठल्याशा गावात कोणीतरी भला मोठा भोपळा पिकवला होता. बस्स, एवढीच बातमी. मी ती पूर्ण ऐकली आणि हुंकार दिला. वरून बायकोने पुन्हा हाक मारली, आणि बहुधा खाली वाकून पाहिलं असावं, कारण तिसरी हाक आली नाही.

दुसऱ्या दिवशी मी गॅलरीतून बघत होतो. तिघं बसले होते. मास्तर गुडघ्यांवर हात ठेवून उठले.

“मास्तर,” बाबा म्हणाले, “सांगून उठायचं.”

“अहो, आता कशाला? बाक पक्का झालाय की.”

“बाक झालाय,” बाबा म्हणाले.

मास्तर तसेच उभे राहिले. त्यांनी बाबांकडे पाहिलं, कंपाउंडरांकडे पाहिलं. मग आपला सगळा देह सांभाळत पुन्हा खाली बसले आणि म्हणाले, “उठतोय.”

कंपाउंडरांनी पाय रोवले. बाबांनी फळी दाबून धरली. मी वर गॅलरीत होतो, बाकापासून तीन मजले लांब, पण मीही कठडा घट्ट धरला.

“थांबा हो,” कंपाउंडर म्हणाले, “एवढं ऐकून जा.”